धोट्याच्या वाटेत

बोरामणीच्या शिवारात हुरड्याला गेलो होतो.
शेडमधले आम्ही सात जण, इराप्पाचा टेम्पो,
शेंगाचटणीचे दोन डबे,
आणि बोद्धूलांची लावण्या, वय वर्षं नऊ,
जिला दिसेल ते उचलून बघायचं असतं.

ज्वारी डोक्याच्या वर गेलेली.
बांधाच्या कडेला, धाटांच्या मुळाशी
काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचं हललं.

तीस वर्षं पट्टे विणतोय मी.
तपकिरी, मग सायीचा, परत तपकिरी.
ताण्यात हा हिशोब कुणी बसवला असेल,
आधी हेच आलं मनात.
भीती नंतर आली. सवयीचा दोष.

"मामा, पिल्लू!"
आणि तिचा हात पुढे झालाच.

माळ्यावरून निंगव्वा बोलली.
ओरडली नाही. भाकरी वाढताना बोलावं तसं बोलली :
"पोरीचा हात धर. हलू नको बे.
पिल्लू नको बघू. आई कुठाय बघ."

सगळं शेत वाऱ्यावर डुलत होतं.
उजवीकडे, दहा पावलांवर,
तेवढीच एक जागा डुलत नव्हती.

मग त्या जागेला सोंड आली, कान आले.
पाठीवरचे केस उभे,
खळ लावायच्या कुंचल्यासारखे ताठ.
डावीकडे पिल्लू.
मध्ये आम्ही दोघं.

माझ्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही.
अठराव्या वर्षी, तुटलेला धागा दिसला म्हणून
चालू मागात हात घातला होता.
नरसय्या मास्तर रक्तावर हळद दाबत म्हणाले होते,
धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो,
ती वाट त्याची, तुझी नव्हे.
धोट्याचा माझ्यावर काय राग होता?
मी वाटेत होतो, एवढंच.

"पळू नको," वरून आवाज.
"पळालास की ती पण पळती, आन् तिला चार पाय हैत.
पाठ दावू नको. आडवं सरक, बांधाकडं.
सावकाश. वाट मोकळी कर तिची."

तिच्या हातात गोफण होती, दगड भरलेली.
फिरवली नाही.
टेम्पोपाशी इराप्पाचं कुत्रं गुरगुरलं,
त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून
त्याच्या तोंडाला गुंडाळला आणि त्याला पोटाशी दाबून बसला.

मी सरकलो.
एक पाऊल, की अर्धं.
लावण्याची नखं माझ्या मनगटात.
ढेकूळ फुटल्याचा आवाज केवढा मोठा असतो
ते त्या दिवशी कळलं.

डुकरीण एकदा फुरफुरली.
दोन पावलं आली, थांबली.
आम्ही बांधावर पोचलो होतो.
मग ती गेली, आमच्याकडे न बघता,
आम्ही उभे होतो बरोबर त्याच जागेवरून.
पिल्लू तिच्या मागे.
आणि त्याच्या मागे, कुठून कोण जाणे, आणखी चार,
एका पाठोपाठ एक,
ज्वारीच्या हिरव्यात पाच आडवे धागे भरत गेले.

नंतर निंगव्वाला विचारलं, गोफण का नाही मारलीस?
ती कणसं भाजत होती. वर बघितलंच नाही.
"दगड माझा लागला असता,
राग जवळच्यावर निघाला असता.
जवळ कोण होतं?"

हुरडा तसाच गार झाला.
कुणी फारसं खाल्लं नाही, चटणी तेवढी संपली.

परतताना अक्कलकोट नाक्यापर्यंत लावण्या गप्प.
मग म्हणाली,
"मामा, ते पट्टे धुतल्यावर जातात का?"
निंगव्वानं सांगितलं होतं, जातात,
चार-पाच महिन्यांत, अंगानं भरली की.
"कच्चा रंग आहे," मी म्हणालो.

ती माझ्या करंगळीकडे बघत होती.
आजवर कधी विचारलं नव्हतं तिनं.
आताही विचारलं नाही.
फक्त तिथं बोट ठेवलं,
आणि लगेच काढून घेतलं.